पुठ्ठेवालीचं घर

माझ्या मावशीला सगळी गल्ली पुठ्ठेवाली म्हणते. तिला त्याचा राग येत नाही. राग यायला तिच्याकडे दुसरी पुष्कळ कारणं आहेत आणि त्यातली निम्मी माझ्या मामाने पुरवलेली आहेत.

घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ती पॅकिंगचं काम करते. तेवीस वर्षं झाली. गडी उचलतात, मावशी बांधते. लोकांच्या कपबशा, आरसे, औषधांच्या बाटल्या, गेलेल्या माणसांचे चष्मे, कुणाला दाखवायची नसलेली पत्रं, सगळं तिच्या हातून कागदात गुंडाळलं जातं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसतं. वर चिकटपट्टी. बाजूला जाड मार्करने ती दोन गोष्टी लिहिते, आत काय आहे आणि नव्या घरात ते कुठे जायचं आहे. तेवीस वर्षांत तिच्या हातचा एकच कप फुटला आणि तोही आधीच तडकलेला होता असं ती अजून शपथेवर सांगते.

लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणते. पुन्हा विचारलं तर म्हणते, "अजून मिळत नाहीये, चला, निघते." माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मामाने तेव्हा घरात माणसं फार आहेत असं सांगितलं आणि मावशीने माझं दप्तर उचललं. पुढची सोळा वर्षं आम्ही दोघी भाड्याच्या सात खोल्यांमधून फिरलो. कधी मालकाच्या मुलीला खोली हवी असायची, कधी मालकाला आमच्यापेक्षा जास्त भाडं देणारं कुणी सापडायचं. जगाचं सामान पगार घेऊन हलवणारी ही बाई स्वतःचं सामान सात वेळा फुकटात हलवत होती, हे मला आता आठवलं तरी संताप येतो. माझा स्वभाव मावशीवर गेला आहे असं मामा म्हणतो. तो ते नाव ठेवायला म्हणतो, मी मिरवते.

माझं लग्न होऊन मी वेगळी राहायला लागले त्यानंतरची गोष्ट. एका रविवारी आम्ही मामाकडे चहाला जमलो होतो. मावशी सत्तेचाळीस वर्षांची होती. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "मी घर घेणार आहे."

"कुणासाठी?" मामाने विचारलं.

"राहायला."

"अगं पण एकटीला कशाला घर? आमच्याकडे ये की. मागची खोली रिकामीच असते."

त्या मागच्या खोलीत मामाच्या मुलाची व्यायामाची सायकल, दोन मोडके पंखे आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत असते. मावशीने त्या खोलीकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "दादा, सामान ठेवायला जागा मी लोकांना शोधून देते. मला सामानात बसायचं नाही."

मामा हसला. त्याला वाटलं, चार दिवसांचं वेड आहे, जाईल उतरून.

ते चार वर्षं टिकलं. या चार वर्षांत मावशीने जी तयारी केली तशी तयारी मी परीक्षेसाठी केली असती तर आज औषधाच्या दुकानात गोळ्या मोजत उभी नसते. तिची पद्धत साधी होती. घर कसं आहे हे विकणाऱ्याला विचारू नये, दलालाला तर मुळीच नाही. घर सोडून जाणाऱ्याला विचारावं. आणि तेही केव्हा, तर स्वयंपाकघरातलं सामान बांधताना. पॅकिंगवाले स्वयंपाकघर शेवटी बांधतात, कारण शेवटच्या चहापर्यंत ते लागतं. बाकीचं घर रिकामं झालेलं असतं, माणसाच्या हाताला काम उरलेलं नसतं, आणि एक अनोळखी बाई खाली बसून त्याच्या बशा गुंडाळत असते. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही, असा मावशीचा अनुभव. ती मान वर न करता विचारायची, "का सोडताय?" आणि ऐकायची. कुणी म्हणे, वरच्या मजल्याचं न्हाणीघर आमच्या कपाटात गळतं. कुणी म्हणे, पाणी सकाळी सातनंतर जिना चढत नाही. कुणी सांगे की घर सोन्यासारखं आहे, फक्त शेजारी तेवढा नको. शहरातली कुठली इमारत आतून काय आहे, हे मावशीला अशा रीतीने पाठ झालं.

रविवारी आम्ही घरं बघायला जायचो. ती सोबत एक खोका घ्यायची, आत जुन्या मासिकांचं ओझं भरून. दलाल विचारायचे, हे कशाला? "जिना बघायला," मावशी सांगायची आणि खोका उचलून वरपर्यंत चढायची. ज्या वळणावर खोका भिंतीला घासला तिथून आम्ही परत. घरात शिरली की आधी सगळे नळ एकदम सोडायची. मग खोलीत कपाट जिथे उभं असणार तिथे जाऊन भिंतीला नाक लावायची. नवा रंग दिलेली भिंत दिसली की तिचे डोळे बारीक व्हायचे. एका दलालाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाईंची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तुमच्या भिंतीची नाही."

कागदांचंही तसंच. एका वकीलबाईंच्या घरचं सामान तिने बांधलं होतं, त्यांच्याकडे जाऊन तिने कुठला कागद कशासाठी हे एकेक विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा जाऊन स्वतःच म्हणून दाखवलं. मग ती बँकेत गेली. मी बरोबर होते. बँकेतल्या अधिकारी बाई भल्या होत्या पण त्यांच्या अर्जात एक चौकट होती.

"सहकर्जदार कोण?"

"कुणी नाही."

"यजमान?"

"नाहीत."

"भाऊ? भाचा?"

"दोघेही आहेत. अर्जात नाहीत."

मी पटकन म्हटलं, माझं नाव घाला. मावशीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "तुझं नाव तुझ्या घरावर घाल," ती म्हणाली. अधिकारी बाईंनी चष्मा वर केला आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं वय एक्कावन्न आहे. निवृत्तीला नऊ वर्षं राहिलीत."

"माझं वय मला माहीत आहे, मॅडम. तुम्ही व्याज सांगा."

त्यांनी ते सांगितलं, आणि एक खरी गोष्टही सांगितली. सरत्या वर्षागणिक फेडीची वर्षं कमी होणार आणि कर्जही कमी मिळणार. या वर्षी मिळणाऱ्या रकमेत दोन खोल्यांचं घर कसंबसं बसत होतं. पुढच्या वर्षी बसणार नव्हतं. म्हणजे चार वर्षं शोधून झाल्यावर मावशीच्या हातात आता एकच वर्ष होतं, आणि त्यातलेही पाच महिने संपले होते.

आणि मग घर सापडलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर मावशीच्या पसरलेल्या दोन हातांएवढं. खिडकीतून समोरच्या छापखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. मासिकांचा खोका जिन्यात कुठेही न घासता वर गेला. नळ चारही धो धो वाहिले. भिंतीला भिंतीचाच वास होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या बरोबर खालच्या घरचं सामान तीन वर्षांपूर्वी मावशीने बांधलं होतं. त्या घरची बाई नवऱ्याच्या बदलीमुळे जात होती आणि शेवटची कढई गुंडाळली तेव्हा ढसाढसा रडली होती. रडत सोडलेल्या घराइतकं चांगलं घर नाही, असं मावशीचं मत.

घराचे मालक म्हणजे चष्म्याचं दुकान चालवून थकलेले एक काका. दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला जायचं होतं म्हणून विकत होते. भाव तोंडी ठरला. मावशीने खूप घासाघीस केली नाही, कारण भाव रास्त होता आणि तिच्या कर्जात नेमका मावत होता. काका म्हणाले, दलालाकडून कागद तयार करून घेतो, पंधरा दिवसांत सह्या करू. दोघांनी चहा घेतला. परत येताना मावशी जिन्यात तीनदा थांबली. दमली म्हणून नाही. कठड्यावर हात फिरवत होती.

इथे मावशीने चूक केली. कुठल्याही शहाण्या माणसाने ही चूक केली नसती. ती फक्त पॅकिंगवालीच करू शकते.

त्यांच्या धंद्यात आधी तारीख ठरते आणि मग तारखेपासून उलटं मोजत सगळी कामं लागतात. पंधरा दिवस म्हटल्यावर मावशीचे हात गप्प बसेनात. पहिल्या रविवारी तिने वरच्या फळीवरच्या बरण्या बांधल्या. सोमवारी पुस्तकं. बुधवारी तिने घरमालकाला सांगून टाकलं की महिनाअखेर खोली सोडते, आणि तो खुश झाला, कारण त्याच्याकडे जास्त भाड्याचं गिऱ्हाईक तयार होतं. शुक्रवारी मी गेले तर खोलीत एक पलंग, एक शेगडी, दोन कप आणि भिंतीला लागून सतरा खोके. प्रत्येकावर मार्करने लिहिलेलं. 'स्वयंपाकघर, डावीकडचा खालचा कप्पा.' 'आतली खोली, खिडकीशेजारी.' 'बाहेरची खोली, दारामागे.'

"मावशी, सह्या कुठे झाल्यात अजून?" मी विचारलं.

"होतील की. शब्द दिलाय त्यांनी."

दुनियेची घरं सोडताना माणसं कशी बोलतात ते तिला पाठ. पण आपले खोकेही कुणी वाचेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दलाल बँकेसाठी लागणाऱ्या कागदांच्या प्रती घ्यायला आला. मी तिथेच होते. दारात उभा राहून तो बोलायला लागला आणि बोलता बोलता थांबला. त्याची नजर भिंतीवरून सावकाश फिरली. पहिल्या खोक्यापासून सतराव्यापर्यंत त्याने सगळं वाचलं. मग "एक मिनिट हं" म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिला. आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लोणी होतं.

"मावशी, तुम्हाला कसं सांगू. काकांचं म्हणणं, भाव जरा कमी ठरला. आणखी एक पार्टी आली आहे, जास्त द्यायला तयार. पण काका म्हणाले, आधी मावशींना विचारा. एक दशांश वाढवा, उद्या सही करू."

"ठरलं होतं," मावशी म्हणाली.

"तोंडी. तोंडी काय हो, हवा पण तोंडातूनच निघते." तो स्वतःच हसला. मग खोक्यांकडे बघून म्हणाला, "तुमची तर तयारीही झालेली दिसते. आता कशाला मागे हटताय? मंगळवारी येतो."

तो गेल्यावर मावशी पलंगावर बसली. तिच्याकडे तो दशांश नव्हता. बँक एक पैसा जास्त देणार नव्हती. महिनाअखेर बारा दिवसांवर होती आणि त्यानंतर ही खोलीही तिची नव्हती. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी भांडी घासायला उठले, आणि भांडी होती दोन कप.

बातमी मामापर्यंत कशी पोचली माहीत नाही. मला वाटतं मीच मूर्खासारखी फोनवर बोलले असेन. संध्याकाळी मामा आला, चक्क मिठाईचा पुडा घेऊन. पलंगावर मांडी ठोकून म्हणाला, "वरचे पैसे मी घालतो."

मावशीने मान वर केली.

"आपलं माणूस अडचणीत असताना मी बघत बसेन का? फक्त एक कर. कागदावर माझ्या मुलाचं नाव आधी घाल, तुझं मागून. शेवटी सगळं त्याचंच व्हायचं. म्हणजे नोंदणीच्या कारकुनाला पण बरं, बँकेला पण बरं. घरात पुरुषाचं नाव असलं की लोक वाकड्यात शिरत नाहीत."

"दादा, मला तुझे पैसे नकोत."

"मग घर कसं घेणार?"

"माझ्या पैशांत."

"घर आहे कुठे तुझ्या पैशांत?" मामाचा आवाज चढला. "पन्नाशी ओलांडली तरी अक्कल नाही. आधी सामान बांधलंस, मग घर शोधलंस. हसं करून घेतलंस स्वतःचं. मंगळवारी मी पण येतो, मुलाचे कागद घेऊन. तुझ्या भल्यासाठी."

तो गेला तेव्हा पुडा तिथेच राहिला होता. मावशीने तो खिडकीतून फेकला असता तर मला आनंद झाला असता. तिने तो मला दिला आणि सांगितलं, "जाताना गल्लीत कुणालातरी दे."

मंगळवार. चार वाजता दलाल आला, पाठोपाठ मामा, काखेत फाईल. खोलीत बसायला जागा नव्हती, दोघे खोक्यांवरच टेकले. दलालाने नवा कागद काढला. मामाने फाईल उघडली. दोघांचं चटकन जमलं, जणू मावशी तिथे नव्हतीच. नाव कसं लिहायचं, आधी कुठलं, मागून कुठलं. मामाने जोरात मुलाचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

मावशी उठली. खिशातून तिने कामावरची पाती काढली, चिकटपट्टी कापायची. म्हणाली, "दादा, जरा उठ. तू माझ्या बरण्यांवर बसला आहेस."

मामा गोंधळून उठला. मावशीने खोका ओढला आणि एका रेषेत चिकटपट्टी कापली. कागद बाजूला काढून एक बरणी बाहेर घेतली, पुसली आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

"काय करताय?" दलालाने विचारलं.

"सामान लावते."

"अहो पण..."

"उठा जरा. तुम्ही माझ्या पुस्तकांवर बसलात."

तोही उठला. आता दोघे खोलीच्या मधोमध उभे आणि मावशी त्यांच्या आजूबाजूने फिरत होती, जशी रिकाम्या घरात लोकांच्या सोफ्यांभोवती फिरते तशी. खर्र करून पट्टी फाटायची, कागद गोळा व्हायचा, वस्तू जागेवर जायची. घड्याळ खिळ्यावर. आरसा दाराशेजारी. माझ्या आईचा फोटो पलंगाच्या वर. मीही उठले आणि पदर खोचला. दोघींनी मिळून सतराच्या सतरा खोके उघडले. तिने एकदाही त्या दोघांकडे पाहिलं नाही, आणि त्या दोघांना कुठे उभं राहावं हे कळत नव्हतं, कारण प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी परत येत होतं. शेवटचा खोका रिकामा झाला तेव्हा मावशीने तो पायाने दाबून सपाट केला आणि दलालाला म्हणाली, "काकांना सांगा, ठरलेल्या भावाला मी तयार आहे. वाढीव भावाला दुसरी पार्टी आहे ना, तिला द्या. मी राहते इथेच."

"इथे? आणि महिनाअखेरीला?" मामा ओरडला.

"ते मी बघेन."

दलालाने कागदाची घडी घातली. जाताना त्याच्या चेहऱ्यावरचं लोणी वितळलं होतं. मामा जिन्यातून मोठमोठ्याने बोलत उतरला, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. वेडी आहे, आधीपासूनच वेडी होती.

दार लावून मी विचारलं, "मावशी, एवढी हिंमत कुठून आणलीस?"

"हिंमत कसली? भाव ठरल्यावर पुन्हा घर बघायला गेलो तेव्हा तू खिडकीत उभी होतीस. मी काकांचं घर बघत होते. पडदे उतरलेले होते. कपाटावरच्या बॅगा खाली आलेल्या होत्या. फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलेलं, आत वर्तमानपत्र घातलेलं. जायची तारीख ठरल्याशिवाय कुणी असं करत नाही. काका माझ्याआधी बांधून बसलेत. दुसरी पार्टी असती तर दलाल मंगळवारपर्यंत थांबला नसता, माझ्यासाठी तर नाहीच." मग तिने सपाट केलेला खोका भिंतीला लावून ठेवला. "हे सगळं मला वाटतं. चुकलं असलं तर मी रस्त्यावर आहे. दोन रात्री डोळा लागलेला नाही."

तिने दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.  मला तेव्हा कळलं की ठामपणे बोलणारी माणसंही घाबरतात, फक्त ती घाबरत घाबरत खोके उघडतात.

बुधवारी तिने घरमालकाला गाठलं आणि खोली सोडत नाही म्हणून सांगितलं. तो भडकला. नव्या भाडेकरूला शब्द दिलाय म्हणाला. मावशी म्हणाली, "मलाही एकाने दिला होता. आता बघू, शब्द कोण पाळतंय." मग भांडण, मग शेजारी, मग पुन्हा भांडण. शेवटी महिनाअखेरच्या पुढे आठ दिवस मिळाले, दुप्पट भाड्याने. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. मामाने दोनदा फोन करून मला समजावलं की मावशीने दलालाचे पाय धरावेत, अजून वेळ गेलेली नाही. मी फोन ठेवून दिला. मावशी रोज कामावर जात होती, लोकांच्या बशा गुंडाळत होती, आणि तिला कुठल्याच स्वयंपाकघरात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

शनिवारी दुपारी दार वाजलं. चष्मेवाले काका स्वतः आले होते, धापा टाकत. आत पाऊल टाकून ते थबकले. फळीवर बरण्या, भिंतीवर घड्याळ, दोरीवर कपडे. ते पलंगाच्या कडेला बसले.

"दलालाने मला सांगितलं होतं की तुम्ही सामान बांधून बसलात," ते म्हणाले. "म्हटलं, बाई अडकली आहे, थोडं ताणून बघू. मीच हो म्हणालो. खोटं कशाला बोलू."

मावशीने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "काका, तुमची गाडी कुठल्या तारखेची आहे?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या फ्रीजने."

काका आधी कसनुसे झाले, मग हसू लागले, मग डोळे पुसायला लागले. सोमवारी रात्रीचीच गाडी होती आणि सामान रविवारी जाणार होतं. मुलीने तिकडे खोली सजवून ठेवली होती. दुसरी पार्टी वगैरे कुणी नव्हतं. "ठरलेल्या भावाला," ते म्हणाले. "सोमवारी सही करू."

"ठरलेल्या भावाला," मावशी म्हणाली. "आणि माझ्या एकटीच्या नावावर."

सोमवारी नोंदणीच्या कचेरीत मामा आमच्याआधी हजर. कागद नव्हते या वेळी, नुसताच आला होता. घरचा पुरुष म्हणून उभं राहायला, असं तोच म्हणाला. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला आणि सहखरेदीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे रिकामं सोडू नका. काहीतरी लिहा." मावशीने पेन घेतलं आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली, अशी की कागद फाटतो की काय असं वाटलं. कारकुनाने कागद उजेडाकडे धरून बघितला आणि शिक्का मारला.

किल्ली काकांनी तिथेच दिली. आम्ही दोघी आणि मामा त्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मामाचा श्वास फुलला होता, तरी दारात मावशी कुलूप उघडत असताना त्याला राहवलं नाही. त्याने विचारलंच, आणि यावेळी वैतागून नाही, खरोखरच्या काळजीने विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं. पण तुझ्यानंतर हे घर कुणाचं?"

मावशीचा हात किल्लीवर थांबला. ती वळली आणि माझ्या मामाकडे, आपल्या थोरल्या भावाकडे, सरळ बघत म्हणाली, "दादा, मी अजून आत पाऊल टाकलेलं नाही आणि तू मला बाहेर काढायला लागलास?"

मग तिने किल्ली फिरवली. दार उघडलं. मावशी आत गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर.

पाच मिनिटं झाली. मामाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याने दारावर बोटांनी टकटक केलं. "अगं, उघड की. आम्ही आहोत इथे."

आतून मावशीचा आवाज आला, जवळूनच, बहुतेक ती फरशीवर दाराला टेकून बसली होती.

"थांबा जरा. मी घरी आहे."